प्रोजेक्टरला कोणता डीव्हीडी प्लेअर जोडावा? (व्हीसीडी, जत्रेतल्या नाटकांच्या डिस्क आणि परदेशातून आलेल्या डीव्हीडी)

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. चतुर्थीला सगळं कुटुंब गावच्या घरी जमतं, तेव्हा जुन्या डिस्क मोठ्या पडद्यावर लावायच्या आहेत. प्रोजेक्टर घेऊन झाला, पण प्लेअर काही ठरत नाही.

प्रोजेक्टर खरोखरचा फुल एचडी आहे, १९२०×१०८० पिक्सेलचा, लॅम्पवाला. थ्रो रेशो (पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर भिंग ठेवायचं) साधारण १.५. मागे दोन एचडीएमआय, एक व्हीजीए आणि एक पिवळी व्हिडिओ पिन. पडदा १६:९, १०० इंची. बसायची जागा पडद्यापासून ४ मीटरवर. घर कौलारू आहे, त्यामुळे प्रोजेक्टर वाशांवरून टांगावा लागेल आणि प्लेअरपासून तिथवर ९ मीटर वायर जाईल.

डिस्क दीडशेच्या आसपास. साठेक व्हीसीडी, त्यात मराठी चित्रपट आणि नाटकं. चाळीसेक छापील डीव्हीडी. तीसेक डीव्हीडी-आर आहेत, त्यांत जत्रेतली नाटकं आणि दशावतारी काला रेकॉर्ड केलेला आहे. काही थेट कॅमेऱ्यावरून, काही व्हीएचएसवरून उतरवलेल्या. शिवाय लिस्बन आणि दुबईच्या नातेवाइकांनी दिलेल्या पंधरा-वीस. ब्लू-रे फक्त चार.

पर्याय तीन दिसतात. एचडीएमआयवाला साधा डीव्हीडी प्लेअर, ब्लू-रे प्लेअर, किंवा घरात पडून असलेला जुना प्लेअर, ज्याला हिरव्या-निळ्या-लाल पिना आहेत पण एचडीएमआय नाही. खोक्यावर लिहिलेल्या '१०८०पी अपस्केलिंग'ने खरंच फरक पडतो का?

तिसरी_घंटा:
आधी डिस्क बघा, प्लेअर नंतर. तुमच्या यादीत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक व्हीसीडी आहे आणि खरेदीत नेमका तिचाच विसर पडतो. व्हीसीडी सीडीच्याच जातीची, ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते. डीव्हीडीला ६५० लागतो, ब्लू-रेला ४०५. बऱ्याच ब्लू-रे प्लेअरमध्ये सीडीचा लेझर असतो, गाण्यांची सीडी वाजतेही, पण व्हीसीडी टाकली की 'डिस्क वाचता येत नाही' असं येतं, कारण आतल्या सॉफ्टवेअरला तो प्रकार ठाऊकच नसतो. म्हणून मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कच्या यादीत 'व्हीसीडी' हा शब्द स्पष्ट छापलेला असेल तरच ब्लू-रे प्लेअर घ्या. दुकानदाराच्या 'चालते ओ' वर जाऊ नका, स्वतःची व्हीसीडी घेऊन जा.

आता अपस्केलिंग. भारतातल्या डीव्हीडीवर चित्र ७२०×५७६ बिंदूंचं असतं, अमेरिकी पद्धतीच्या डिस्कवर ७२०×४८०. तुमचा प्रोजेक्टर १०८० ओळींचा आहे, म्हणजे ५७६ ओळी ताणून १०८० करण्याचं काम कुणीतरी करणारच. प्लेअरने नाही केलं तर प्रोजेक्टर करील. प्लेअरच्या १०८०पीमुळे डिस्कवर नसलेला तपशील चित्रात येत नाही. प्रश्न एवढाच की दोघांपैकी हे काम कोण चांगलं करतो.

त्याहून मोठा फरक त्याच्या आधीच्या पायरीवर पडतो. तुमची जत्रेतली रेकॉर्डिंग व्हिडिओ कॅमेऱ्याची आहेत. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. ही अर्धी चित्रं जोडून पूर्ण चित्र करणं, म्हणजे डीइंटरलेसिंग, नीट झालं नाही तर काल्यात तलवार फिरते तेव्हा तिच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. चित्रपटाच्या डिस्कला हा त्रास कमी, कारण तिथे दोन्ही अर्धी चित्रं एकाच फ्रेममधून आलेली असतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'फिल्म / व्हिडिओ / ऑटो' असा पर्याय असेल तर नाटकांना 'व्हिडिओ' लावा. काही स्वस्त प्लेअर सगळंच फिल्म समजून जोडतात आणि नेमकी हीच रेकॉर्डिंग बिघडवतात.

चाचणी अशी करा. एकच प्रसंग निवडा, हालचालीचा आणि भडक लाल कपड्याचा. प्लेअर आधी ५७६आय वर (म्हणजे अर्धी चित्रं जशीच्या तशी, तो पर्याय असेल तर), मग ५७६पी वर (प्लेअरने जोडलेली पूर्ण चित्रं), मग १०८०पी वर लावून तेच वीस सेकंद तीन वेळा पाहा. कंगव्याचे दात, जरीच्या काठाची चमचम आणि लाल रंगाच्या कडेला आडव्या रेघा, या तीन गोष्टी तपासा. लाल कडेवरच्या रेघा म्हणजे प्लेअरच्या डीकोडरची रंग उलगडण्यातली चूक, ती कुठल्याही सेटिंगने जात नाही. असा प्लेअर परत करा.

रीजनचंही बघा, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालावी याचं कुलूप. भारत डीव्हीडीला रीजन ५, पोर्तुगाल आणि आखात दोन्ही रीजन २. सुदैवाने पोर्तुगालही आपल्यासारखा पाल पद्धतीचाच (५७६ ओळींचा) देश, म्हणजे तिथल्या डिस्कचं चित्र जुळतं, अडतं ते फक्त कुलूप. डिस्कच्या मागे पृथ्वीगोलाच्या चित्रात आकडा छापलेला असतो. बरेच साधे डीव्हीडी प्लेअर सगळे रीजन वाजवतात किंवा रिमोटवरून बदलता येतात. मोठ्या ब्रँडचे ब्लू-रे प्लेअर सहसा कुलूपबंद असतात, आणि त्यांना ब्लू-रेचा रीजन वेगळा असतो: भारत सी, युरोप बी. तुमच्या चार ब्लू-रे कुठल्या आहेत?

चार ब्लू-रेसाठी व्हीसीडी आणि रीजन २ दोन्ही गमावू नका. माझ्या मते तुम्हाला एचडीएमआयवाला, सर्व रीजनचा, व्हीसीडी वाचणारा साधा डीव्हीडी प्लेअरच योग्य. ब्लू-रेचा विचार पुढे कधीतरी वेगळा करा.

वायर_आणि_वासा:
वरच्या उत्तराशी सहमत. मी वायर आणि विजेचं सांगतो, कारण कौलारू घरात तिथेच घोटाळे होतात.

९ मीटरला साधी तांब्याची चांगली एचडीएमआय केबल पुरते. १० मीटर, २४ गेजची, 'हाय स्पीड' लिहिलेली घ्या. १५ मीटरपुढे गेलात तर ऑप्टिकल लागली असती. केबल वर चढवण्याआधी जमिनीवर पसरून अर्धा तास १०८०पी चालवून पाहा. चित्रात पांढरे ठिपके चमकले किंवा चित्र मध्येच जाऊन येऊ लागलं तर केबल अपुरी आहे. अडचणीच्या वेळी प्लेअर ५७६पी वर आणा, त्याला डेटा फारच कमी लागतो आणि ठिपके जातात.

एचडीएमआयचं टोक जवळपास २१ मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये ते अडकतं. ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, काटकोनी एल्बो न वापरता लांब वळणाचा बेंड लावा, आणि पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी कायमची ठेवून द्या, पुढे दुसरी वायर ओढायला लागते. उघडी केबल वाशांवरून नेऊ नका. कौलांखाली उंदीर आणि खारी असतात, महिनाभरात आवरण कुरतडतील. प्रोजेक्टरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसात एखादं कौल गळलंच तर पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतं, वायरीवरून ओघळत मशीनमध्ये जात नाही.

१०० इंची १६:९ पडदा २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२४ उंच. १.५ ने गुणलं तर भिंग पडद्यापासून ३.३ मीटरवर येतं. एका वाशाला टांगू नका, दोन वाशांवर आडवी लाकडी पट्टी टाकून तिला रॉड लावा. एका वाशावर टांगलं तर पंखा लागला की चित्र थरथरतं. रॉड एवढा लांब घ्या की भिंग पडद्याच्या वरच्या कडेच्या आसपास येईल. उंची चुकली की लोक कीस्टोनने चित्र सरळ करतात, आणि कीस्टोन म्हणजे सगळ्या चित्राची पुन्हा एकदा ताणाताण. आधीच ५७६ ओळी ताणलेल्या, त्यात ही दुसरी ओढ, मग नाटकातल्या पात्रांचे चेहरे मेणासारखे दिसतात. कीस्टोन शून्यावर ठेवूनच चित्र बसलं पाहिजे.

विजेचं नीट वाचा. जुन्या घरात सॉकेटला अर्थिंग नसतं. अशा ठिकाणी प्लेअर आणि प्रोजेक्टर दोघांच्या धातूच्या भागावर आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा दाब येतो, हात लावला की मुंग्या येतात तो हाच. चालू स्थितीत एचडीएमआय खोचली की तो दाब पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळू शकतो. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून खरं अर्थिंग करून घ्या, दोन्ही वस्तू एकाच अर्थिंगच्या सॉकेटवरून चालवा, आणि एचडीएमआय कायम दोन्हीकडची वीज बंद असताना जोडा.

लॅम्पवाल्या प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा यूपीएस द्या. दिवे गेले तर लॅम्प तापलेला असतानाच पंखा थांबतो आणि लॅम्पचं आयुष्य कमी होतं. यूपीएस पिक्चर संपवायला नाही, मशीन रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंतच्या पाच मिनिटांसाठी आहे. आणि गडगडाट सुरू झाला की, विशेषतः मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, प्लग काढा. डिशची वायर याच सिस्टमला जोडलेली असेल तर तीही काढा.

डिचोलीकर:
मनापासून आभार दोघांचे. ब्लू-रे चारही भारतातल्याच आहेत आणि त्यातले तीन चित्रपट डीव्हीडीवरही आहेत, म्हणजे ब्लू-रेचा प्रश्न मिटला.

नवीन प्लेअर येईपर्यंत जुना लावून पाहिला. प्रोजेक्टरच्या मॅन्युअलमध्ये व्हीजीएला 'कॉम्प्युटर / कम्पोनंट' म्हटलंय, म्हणून हिरव्या-निळ्या-लाल पिनांची व्हीजीए केबल आणली. चित्र आलं, पण सगळं हिरवट आणि चेहरे जांभळे. शिवाय व्हीसीडी लावली की माणसं आडवी फुगतात. पिवळ्या पिनेवर रंग बरोबर येतात, पण कडा फाटतात आणि बारीक चौकड्यांच्या साडीवर इंद्रधनुष्य नाचतं.

तिसरी_घंटा:
हिरवट चित्राला सोपा इलाज आहे. प्रोजेक्टर त्या पोर्टवर संगणकाचा लाल-हिरवा-निळा सिग्नल आहे असं धरून बसलाय, आणि तुमचा प्लेअर हिरव्या पिनेवर उजेड आणि बाकी दोन पिनांवर रंगातले फरक पाठवतोय. प्रोजेक्टरच्या सिग्नल मेनूत 'ऑटो' किंवा 'आरजीबी' असेल तिथे 'कम्पोनंट' किंवा 'वायपीबीपीआर' करा. प्लेअरच्या मेनूत व्हिडिओ आउटपुटही कम्पोनंटवर असू द्या आणि 'प्रोग्रेसिव्ह' (अर्धी चित्रं प्लेअरनेच जोडून पाठवणं) चालू करा.

पिवळ्या पिनेचं इंद्रधनुष्य हा प्लेअरचा दोष नाही. त्या एका तारेत उजेड आणि रंग एकत्र कालवलेले असतात, प्रोजेक्टरला ते पुन्हा वेगळे करताना बारीक चौकडी म्हणजे रंगच वाटतो. १०० इंचांवर पिवळी पिन फक्त 'डिस्क चालते की नाही' हे पाहण्यापुरती वापरा.

कुणी पिवळ्या पिनेपुढे एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टरची छोटी डबी लावायला सांगेल. घेऊ नका. इंद्रधनुष्य तसंच राहतं, आणि त्यातल्या बहुतेक डब्या सेकंदाला ६० चित्रंच बाहेर टाकतात. पालच्या ५० ची ६० करताना काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात, मग कॅमेरा रंगमंचावर डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र ठेचकाळतं. याच कारणासाठी प्लेअरची 'टीव्ही सिस्टम' एनटीएससी (अमेरिकी पद्धत) असेल तर 'पाल' किंवा 'ऑटो' करा.

फुगलेल्या माणसांचं कारण हे की व्हीसीडी आणि जुनी नाटकं ४:३ आकाराची आहेत. प्लेअरमध्ये 'टीव्ही टाइप' १६:९ च ठेवा (ते ४:३ केलंत तर रुंद चित्रपटांच्या ओळी वाया जातात) आणि ४:३ डिस्क लावल्यावर प्रोजेक्टरचा आस्पेक्ट ४:३ करा. नव्या प्लेअरला एचडीएमआयवर १०८०पी लावलं तर अनेक प्रोजेक्टर आस्पेक्ट बदलू देत नाहीत. मग प्लेअरमध्येच 'पिलर बॉक्स', 'स्क्वीझ' किंवा 'ओरिजिनल' असा पर्याय हवा. तो नसेल तर ५७६पी वर चालवा, आस्पेक्ट प्रोजेक्टरच्या हातात येतो. खरेदी करताना हे एक कलम माझ्या आधीच्या उत्तरात राहिलं होतं, ते यादीत घाला.

व्हीसीडीबद्दल अपेक्षा आधीच ठरवलेल्या बऱ्या. तिचं चित्र ३५२×२८८. तुमच्या १२४ सेंटिमीटर उंचीवर तिची एकेक ओळ चार मिलिमीटरहून जाड पडते, डीव्हीडीची दोनहून किंचित जास्त. चार मीटरवरून डीव्हीडी मऊ पण छान दिसेल, व्हीसीडीचे चौकोन मात्र दिसणारच. व्हीसीडीच्या दिवशी खुर्च्या जमेल तेवढ्या मागे न्या आणि प्रोजेक्टरचा झूम सगळ्यात लहान करा. प्लेअर आणि प्रोजेक्टर दोन्हीकडची शार्पनेस अगदी खाली आणा, ती चौकोनांच्याच कडा उठवते.

व्हीएचएसवरून उतरवलेल्या डिस्कमध्ये चित्राच्या तळाशी एक फाटकी, थरथरती पट्टी दिसेल. ती टेपवरच असते, टीव्हीच्या चौकटीत झाकली जायची. तेवढ्या डिस्कना प्रोजेक्टरचा ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) ३ ते ५ टक्के द्या, इतर वेळी शून्य.

जुनी_तबकडी:
प्लेअरइतकंच डिस्कचं बघा. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते, आणि प्लेअर 'अडकतो' अशा तक्रारींत बऱ्याचदा प्लेअर निर्दोष असतो.

व्हीसीडी आणि डीव्हीडीची रचना वेगळी आहे. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये दाबलेला असतो. व्हीसीडीत तो थेट छापील बाजूच्या शाईखाली असतो, वर नुसतं लॅकर. म्हणून व्हीसीडीला छापील बाजूने ओरखडा गेला की ती गेली, खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने परवडले. प्रत्येक व्हीसीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकचकीत थर दमटपणाने खाल्लेला आहे आणि तेवढा भाग कुठल्याच प्लेअरवर चालणार नाही. ठिपके कडेलाच असतील तर घाबरू नका, डिस्क आतून बाहेर वाचली जाते, कडेपर्यंत माहिती असेलच असं नाही.

बुरशी धुवायला वाहतं पाणी आणि भांड्याच्या द्रव साबणाचा एक थेंब. बोटाच्या पेराने हलकेच, मग मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाचनाच्या मार्गालाच समांतर जातो आणि सलग माहिती गिळतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव लावू नका, प्लास्टिक दुधाळ होतं. डीव्हीडी-आरवर कागदी स्टिकर असेल तर ओढून काढू नका, पण तो एका बाजूला सुटला असेल तर डिस्क डगमगते आणि घरघर येते.

एखादी डीव्हीडी-आर रेकॉर्डरवर चालायची आणि इतरत्र चालत नसेल तर ती बहुधा फायनलाइझ (रेकॉर्डिंगनंतर इतर प्लेअरसाठी डिस्क पक्की बंद करणं) केलेली नसते. ज्या रेकॉर्डरवर बनवली सहसा त्यावरच ते करता येतं.

आणि माझा आग्रह: जत्रेच्या तीसही डिस्कची संगणकावर नक्कल आत्ताच करा. छापील डीव्हीडी टिकते, डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने विरतो. त्या डिस्कना कुलूप नसतं, आतलं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घ्या, पुन्हा आकुंचित करू नका. एका डिस्कला ४.७ जीबीच्या आत जागा लागते, तीस डिस्क दीडशे जीबीत बसतात. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक सूचना, लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये लिस्बनच्या डिस्क टाकताना 'रीजन बदलू का' विचारलं तर होय म्हणण्याआधी थांबा. तो बदल पाचच वेळा होतो, नंतर ड्राइव्ह कायमचा तिथेच अडकतो.

वायर_आणि_वासा:
आवाजाचा विषय कुणी काढला नाही. प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर नाटकाचे संवाद कळत नाहीत, त्यात वर पंख्याची घरघर. प्लेअर अॅम्प्लिफायरजवळ ठेवा. त्याच्या लाल-पांढऱ्या पिना बहुतेक प्लेअरवर एचडीएमआय चालू असतानाही चालू राहतात, त्या थेट अॅम्पला. त्यासाठी लाल-पांढऱ्या पिना असलेलाच प्लेअर निवडा.

चित्रपटात गाणी मोठी आणि बोलणं बारीक येत असेल तर प्लेअरच्या ऑडिओ मेनूत 'डायनॅमिक रेंज' कमी करा. कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल वायर वापरली आणि आवाजच नाही किंवा नुसता खरखराट, तर डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर आहे, 'पीसीएम' करा. ओठ आणि आवाज जुळत नसतील, आवाज आधी येत असेल, तर प्रोजेक्टर चित्र तयार करायला वेळ घेतोय. प्रोजेक्टरमधल्या चित्रातले दाणे कमी करणाऱ्या, हालचाल मऊ करणाऱ्या सगळ्या 'सुधारणा' बंद करा. तरी राहिलं तर अॅम्पमध्ये ऑडिओ डिले ४० मिलिसेकंदांपासून वाढवत न्या.

डिचोलीकर:
कम्पोनंट सेटिंग बदलल्यावर रंग एकदम जागेवर आले. आस्पेक्टही जमला. जुन्या प्लेअरवर तलवारीचे दात दिसतात, 'प्रोग्रेसिव्ह' बंद केल्यावर मात्र जवळजवळ गेले. आणि पाच-सहा व्हीसीडी वाचतच नाहीत, डीव्हीडी सगळ्या चालतात. ट्यूबलाइटसमोर त्या स्वच्छ आहेत.

तिसरी_घंटा:
'प्रोग्रेसिव्ह' बंद केल्यावर दात गेले म्हणजे तुमचा प्रोजेक्टर अर्धी चित्रं जोडण्यात त्या प्लेअरपेक्षा हुशार आहे. मग नवीन प्लेअर घेताना एचडीएमआयवर ५७६आय देणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याची ५७६पी ची चाचणी दुकानातच करा.

व्हीसीडी नाही आणि डीव्हीडी चालते, याचा अर्थ जुन्या प्लेअरचा ७८० चा लेझर बहुधा थकलाय. भिंगावर धूळ आणि खाऱ्या हवेचा थर असू शकतो, म्हणून प्लग काढून, झाकण उघडून, इअरबडला आयसोप्रॉपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन एकदाच हलक्या हाताने पुसा. दाबू नका, भिंग केसासारख्या तारांवर तोललेलं असतं. तरी वाचलं नाही तर त्याच्यावर खर्च करू नका. दुकानात जाताना चार डिस्क खिशात ठेवा: न वाचली गेलेली एक व्हीसीडी, काल्याची डीव्हीडी-आर, लिस्बनची एक, आणि दोन थरांची एखादी लांब चित्रपटाची डीव्हीडी. शेवटची साधारण मध्यापर्यंत पुढे सरकवून पाहा, थर बदलताना कमकुवत प्लेअर तिथेच गोठतो.